शेऱ्याचा रकाना

माझं लग्न डोंबिवलीतल्या एका वधूवर सूचक मंडळातून जमलं. मंडळ म्हणजे खरं तर एकच बाई. त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट, एक स्टीलचं कपाट आणि कपाटात तीस-पस्तीस वर्षांची कार्डं. कार्डाच्या पुढच्या बाजूला जन्मवेळ, रास, नाडी, शिक्षण, उंची, अपेक्षा. ही बाजू कुणीही येऊन बघावी. मागची बाजू फक्त बाईंची. तिथे पेन्सिलीने एक-दोन ओळींचा शेरा असायचा आणि तो त्या कुणालाही दाखवत नसत.

मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते. कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणून काही घेतलेलं नाही. पहिल्या वर्षी साहेबांनी एक जाड पुस्तक हातात दिलं आणि स्टोअरमधल्या मालाच्या नोंदींसाठी काहीतरी कर म्हणाले. मी रडत-पडत एक डेटाबेस तयार केला. तो चालला. मग लोकांना वाटायला लागलं की हिला येतं, आणि हळूहळू मलाही ते यायला लागलं.

बाईंचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि दुसरा डोळा काही फारसा सुधारणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्यांचा मला फोन आला. म्हणाल्या, "मला दिसतंय तोवर हे कपाट कॉम्प्युटरात घालून दे." ज्यांनी लग्न जमवून दिलं त्यांना नाही कसं म्हणणार? शिवाय मी मुळातच भित्री. नाही म्हणायला धैर्य लागतं, हो म्हणायला काही लागत नाही.

मग कित्येक रविवार सकाळी मी त्यांच्याकडे जाऊन बसले. त्या भिंगातून कार्ड वाचायच्या, मी टाइप करायचे. पुढची बाजू झाली की कार्ड उलटायचं. तिथे खरी माणसं भेटायची. 'मुलगी उत्तम, वडील फार बोलतात.' 'साखरपुडा मोडलेला, मुलाकडून.' 'लहानपणी फिट्स येत, आता येत नाहीत म्हणतात.' 'पाठीवर कोड आहे, याद्या होण्याआधी सांगावे.' काहींवर नुसतंच 'निरंक'. पहिले काही रविवार मला गंमत वाटली, खोटं कशाला बोलू. आमच्याच सोसायटीतल्या एका खडूस गृहस्थांच्या कार्डामागे 'मुलगा आईला विचारल्याशिवाय पाणी पीत नाही' असं निघालं, तेव्हा मी आणि बाई पोट धरून हसलो.

एका रविवारी माझं कार्ड आलं.

बाईंनी पुढची बाजू वाचली. लग्नाआधीचं आडनाव वाचतानाही त्यांचा आवाज बदलला नाही. कार्ड उलटून त्यांनी त्याच सुरात वाचलं, "मुलीची आई चार महिने ठाण्याला होती. मुलाकडे सांगितलेले नाही." मग भिंग खाली ठेवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "लिही."

मी लिहिलं.

आमच्याकडे 'ठाण्याला होती' याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ठाण्यात लाखो लोक राहतात, नोकऱ्या करतात, पण एखादं माणूस विचित्र वागलं की त्याला ठाण्याला पाठवा असंच म्हणतात, कारण वेड्यांचं मोठं इस्पितळ तिथे आहे. मी नववीत असताना माझी आई तिथे होती. शेजाऱ्यांना सांगितलं होतं की ती मामाकडे चिपळूणला गेली आहे. चार महिन्यांनी ती परत आली, गोळ्या घेऊन पुढे वीसेक वर्षं नीट जगली, माझं लग्न केलं, नातीला न्हाऊमाखू घातलं आणि न्यूमोनियाने गेली. बाबांनी नाव नोंदवताना हे बाईंच्या कानावर घातलं होतं. सांगायचं की नाही ते मी बघते, असं बाई म्हणाल्या आणि त्यांनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. आधी लग्न मोडेल म्हणून, मग नवीन आहे म्हणून, मग मुलगी झाली म्हणून.

मुलगी झाल्यावर तर मुळीच शक्य नव्हतं. मला माझ्यासाठी एवढी भीती नव्हती. मी चाळिशी ओलांडली, जे व्हायचं ते झालं असतं. पण लेक आता अकरावीत आहे. दार आपटते, दुपारी बारापर्यंत झोपते, कधी दोन दिवस बोलत नाही. या वयात सगळेच असं करतात. घरात एकदा हे कळलं की तिच्या प्रत्येक आपटलेल्या दाराला आजीचं नाव लागलं असतं. मला तेवढंच नको होतं.

आणि थट्टा तर रोजचीच. मी सकाळी पर्स उचलून "ठाण्याला जाते" म्हटलं की नवरा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणायचा, "संध्याकाळी सोडतात ना?" सासूबाई हसायच्या. मीही हसायचे. अठरा वर्षं मी त्या विनोदावर हसत आले होते.

कार्डं संपली तेव्हा बाईंनी पुढचा बेत सांगितला. आता मंडळाच्या तीन शाखा करायच्या. ठाण्याला घोडबंदर रोडवर एक ताई बसतील, टिटवाळ्याला एक निवृत्त मास्तर आणि कल्याणला देवळामागच्या हॉलमध्ये तिसरं कुणीतरी. प्रत्येकाला एकेक लॅपटॉप आणि त्यात हा प्रोग्राम.

"शेरे काढून टाकते त्यातून," मी म्हटलं. "ते फक्त तुमच्याकडे राहू देत."

"अगं, मी आठवड्यातून एकेका शाखेत जाणार. समोर मुलाचे आईवडील बसलेले असताना मला शेरा नको का बघायला? पासवर्ड घाल की."

इथे मी हट्टाने नाही म्हणायला हवं होतं. माहिती हातात दिली की ती गेली, कुलूप कितीही मोठं असो, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मी पासवर्ड घालते म्हटलं.

त्यानंतरचे दोन महिने मी कुलपं लावत होते. आधी मी स्वतः चोर होऊन बघायचे. इथे उजवं बटण दाबलं तर काय दिसेल, ही खिडकी बंद केली तर मागे काय उरेल, सगळी माहिती कुणी एक्सेलमध्ये ओढून नेली तर? मी मेनू काढले, डाव्या बाजूला दिसणारी टेबलांची यादी लपवली, शेऱ्यांच्या फॉर्मला पासवर्ड घातला आणि शेवटी सगळी फाइल अशी बांधून टाकली की कुणाला फॉर्म किंवा आतला कोड उघडून बदलता येऊ नये. अशा बांधलेल्या फाइलीतही टेबलं मात्र तशीच असतात. खोलीला कुलूप लागतं, आतल्या डब्यांना लागत नाही. आणि त्या खोलीला एक मागचं दार असतं. फाइल उघडताना शिफ्टचं बटण दाबून धरलं की माझे सगळे बंदोबस्त बाजूला राहतात आणि टेबलं जशीच्या तशी समोर येतात. प्रोग्राम बनवणाऱ्याच्या सोयीसाठी ठेवलेलं दार आहे ते. वाटप करायच्या आधी ते आठवणीने बंद करावं लागतं. मी केलं. मग स्वतःच दहा वेळा शिफ्ट दाबून उघडून बघितलं आणि दार उघडत नाही म्हटल्यावर तेवढ्यापुरतं हायसं वाटलं.

मी घरातून निघताना गॅस दोनदा बघणारी बाई आहे. त्या दोन महिन्यांत गॅस चारदा बघत होते.

वाटपाला आठवडा उरला असताना बाईंचा फोन आला. "कल्याणला कोण बसणार ते ठरलं. तुझ्या सासूबाईच तयार झाल्या. टायपिंग येतं, वेळ आहे, आणि घरचं माणूस."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. बाईंना माझा शेरा आठवत नव्हता असं नाही. त्यांचा माझ्या कुलपांवर विश्वास होता.

सासूबाई चौतीस वर्षं सरकारी कचेरीत मराठी टंकलेखिका होत्या. सासरे गेल्यापासून घरात त्यांना करमत नव्हतं. कामाच्या कल्पनेनेच त्या दहा वर्षांनी लहान दिसायला लागल्या. जुन्या टाइपरायटरवर जशी अक्षरं होती तशीच लॅपटॉपवर लावून दे म्हणाल्या. मी लावून दिली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्या खडाखड पत्रं टाइप करायला लागल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघ, बोटं विसरत नाहीत."

त्याच संध्याकाळी मी मूळ फाइल उघडली, माझ्या नावासमोरचा शेरा निवडला आणि पुसून टाकला. बाकीच्या तीनेक हजार लोकांचे शेरे होते तिथेच होते. कोड, फिट्स, मोडलेले साखरपुडे, सगळे. मी फक्त माझा पुसला. लाज वाटली, खूप वाटली, पण भीती त्याहून मोठी होती. दुसरं काही लिहिणं म्हणजे खोटं बोलणं झालं असतं. पुसणं म्हणजे खोटं नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

वाटपाच्या आदल्या दिवशी टिटवाळ्याच्या मास्तरांचा फोन आला. त्यांना नमुन्याची फाइल दिली होती, ती बघून म्हणाले, "नाडीच्या यादीत आद्य आहे, मध्य आहे, अंत्य कुठे आहे?" खरंच नव्हती. नाडीशिवाय पत्रिका जुळवणार कशी? मी घाईघाईने मूळ फाइल काढली, आत शिरण्यासाठी शिफ्टचं दार उघडलं, अंत्य नाडी घातली, फाइल पुन्हा बांधली, तीन कॉप्या केल्या आणि लॅपटॉप वाटून टाकले. दार पुन्हा बंद करायचं राहिलं. जिने दहा वेळा तपासलं होतं तिने अकराव्यांदा तपासलं नाही.

तीन आठवडे काही झालं नाही. शिफ्ट दाबून फाइल कोण कशाला उघडेल? घोडबंदरच्या ताई उघडत नव्हत्या, मास्तर एका बोटाने टाइप करत. सासूबाई घरी येऊन सांगायच्या, आज चार स्थळं आली, एका मुलाची उंची आईने दोन इंच वाढवून सांगितली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे. चेहरा नेहमीसारखाच असायचा. मला झोप लागायला लागली होती.

मग एका बुधवारी अकराच्या सुमारास मी ऑफिसात असताना त्यांचा फोन आला.

"अगं, तुझा प्रोग्राम आज वेगळाच उघडलाय. सुरुवातीचं गणपतीचं चित्र आलंच नाही. डाव्या बाजूला कसलीतरी यादी आली आहे."

"आई, बंद करा तो. कशालाही हात लावू नका. मी येते."

"एवढं काय त्यात? ये सावकाश."

मी साहेबांना तब्येतीचं कारण सांगितलं. चेहरा बघून त्यांनी पुढे काही विचारलं नाही. कल्याणला पोचेपर्यंत मी मनात सगळं मोजत होते. यादी दिसली म्हणजे टेबलं दिसली. टेबलावर दोनदा क्लिक केलं की शेरे. पण माझा पुसलेला आहे. माझा नाही तिथे, माझा नाही. एवढंच घोकत होते. ज्यांचे होते त्यांच्यासाठी घाबरायला हवं होतं, हे नंतर सुचलं.

देवळामागच्या हॉलमध्ये सासूबाई एकट्याच होत्या. लॅपटॉप मिटलेला, त्यावर चष्मा काढून ठेवलेला.

"कसं उघडलंत ते दाखवा," मी म्हटलं.

त्यांनी लॅपटॉप उघडला, चष्मा लावला, उजवा हात माऊसवर ठेवला. डावा हात बटणांवर गेला आणि करंगळी शिफ्टवर जाऊन बसली. मराठी टाइपरायटरवर शिफ्टवाचून पान पुढे सरकत नाही. चौतीस वर्षं ती करंगळी तिथेच राहिली होती. दाबलं आहे हे त्यांना जाणवतही नव्हतं. इतके दिवस चहाचा कप त्या हातात असायचा म्हणून मी वाचले होते. त्या दिवशी निर्जळी उपास होता, चहा नव्हता.

फाइल उघडली. डावीकडे सगळी टेबलं.

"वाचलेत?" मी विचारलं.

"वाचले." त्यांनी सरळ सांगितलं. "आधी आपल्या घरचं शोधलं. माणूस तेच शोधतो. माझ्या मुलापुढे काय लिहिलंय माहितेय? मुलगा सरळ, आई कडक, मुलीला जड जाईल." त्या थोडं हसल्या. "जड गेले का गं?"

"नाही हो आई."

"गेले असेन." मग त्यांनी माऊस फिरवला आणि खाली-खाली जात एका ओळीवर थांबल्या. माझी ओळ. "आमच्या कचेरीत रकाना कोरा ठेवायची पद्धत नव्हती. काही नसलं तर निरंक लिहायचं. कोरा रकाना म्हणजे कुणीतरी काहीतरी लपवलंय, साहेब लगेच बोलावून घ्यायचे. बाई शिक्षिका होत्या, त्याही निरंकच लिहितात. मी सकाळपासून बघतेय. एवढ्या सगळ्यांत कोरा एकच आहे."

मला निरंक लिहायचं सुचलं नव्हतं. कारखान्यात आम्ही रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवतो.

"काय होतं तिथे?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मी काहीतरी ठोकून दिलं असतं.

मी सांगितलं. बाईंनी जसं वाचलं होतं तसंच, दोन वाक्यांत. हॉलबाहेर देवळातली घंटा कुणीतरी वाजवत होतं. मी हातांकडे बघत बोलले.

त्यांनी माऊसवरचा हात काढून घेतला. मग म्हणाल्या, "गोळ्या होत्या?"

"शेवटपर्यंत."

"म्हणून त्या तशा शांत. मी आपली सगळीकडे सांगायचे, विहीणबाई किती शांत." मग, "त्याला माहितेय?"

"नाही."

"मग आता नको. माझ्याकडूनही जाणार नाही." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. कडक बाई, अठरा वर्षांत असा हात त्यांनी दोनदा-तीनदाच ठेवला असेल. "चार महिने त्या तिथे आणि तू नववीत. स्वयंपाक कोण करायचं?"

"मीच."

"हं," त्या म्हणाल्या.

मला रडू आलं. मग मी डोळे पुसून शिफ्टचं दार बंद केलं, त्यांना पुन्हा करंगळीसकट फाइल उघडायला लावली, गणपती आला. तिथूनच बाईंना फोन करून झालेलं सगळं सांगितलं आणि त्या नको म्हणत असताना शेऱ्यांचं टेबलच शाखांच्या कॉप्यांमधून काढून टाकणार असल्याचं सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी न जमलेलं वाक्य एका दमात जमलं. कल्याणची फाइल तिथल्या तिथे बदलली. टिटवाळ्याला आणि घोडबंदरला दुसऱ्या दिवशी जाऊन आले. तिथे कुणी काही बघितलं नव्हतं, निदान तसं म्हणाले.

कल्याणहून आम्ही दोघी एकाच रिक्षाने घरी आलो. मला हलकं वाटायला हवं होतं आणि थोडं वाटतही होतं. ज्याला अठरा वर्षं घाबरले ते घडलं होतं आणि सासूबाईंनी पाठीवर हात ठेवला होता.

संध्याकाळी सासूबाई हॉलमध्ये मेथी निवडत बसल्या होत्या. लेक सोफ्यावर उताणी पडून मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. कसलातरी किस्सा चालला होता आणि ती जोरजोरात हसत होती. इतकी, की उठून बसली, पुन्हा हसली, डोळ्यांतून पाणी आलं. एरवी सासूबाई ओरडल्या असत्या, "अगं हळू, खालच्या मजल्यावर ऐकू जातंय." त्या दिवशी त्या काहीच बोलल्या नाहीत. मेथीची काडी हातात तशीच राहिली आणि त्या नातीकडे बघत राहिल्या.

लेकीच्या लक्षात आलं. फोन बाजूला धरून तिने विचारलं, "काय गं आजी?"

"काही नाही. बोल तू."

मी ओट्यापाशी उभी होते. मला संताप आला. हेच, अगदी हेच मला नको होतं. पुढे होऊन त्यांना काहीतरी बोलावं म्हणून मी वळले आणि माझ्या लक्षात आलं की ते बघणं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. ती सातवी-आठवीत गेल्यापासून, ती जास्त हसली की, जास्त वेळ गप्प बसली की, मी इथूनच, ओट्यापाशी उभी राहून तिच्याकडे तस्संच बघत आले होते.

सासूबाईंनी मान वळवली. आमची नजरानजर झाली. त्या पुन्हा मेथी निवडायला लागल्या. लेक हसतच होती, आणि तिच्याकडे बघणाऱ्या आता आम्ही दोघी झालो होतो.